लाखेची रेकॉर्ड

"आरशासारखी केलीय बघा," म्हणत नौशादनं रेकॉर्ड दोन्ही तळहातांवर धरून पुढं केली, आणि रणजीतला आधी वास आला. स्पिरिटचा.

रणजीत चिंचवडहून काळेवाडीत रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन आला होता तो ह्या एका रेकॉर्डसाठी. कुणी नावही न ऐकलेल्या जुन्या मराठी पॉप गाण्यांच्या रेकॉर्डी जमवायच्या आणि गाणाऱ्याच्या मागं कोण काय वाजवत होतं ते हुडकत फिरायचं, त्याचे व्हिडिओ करून टाकायचे, हे त्याचं वेड. बायको, प्राजक्ता, त्याला भंगार म्हणते. घरातली जागा बघता तिचंही काही चुकत नाही.

तीन रेकॉर्डींमध्ये त्याला एकच हात ओळखू आला होता. गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडी पट्टी सरकवणारा. गाणाऱ्याच्या आवाजाखाली दबलेला, पण काय हात होता! शोधता शोधता नाव सापडलं, युनूसभाई. नंतर पत्ता सापडला, तोवर युनूसभाई जाऊन सहा वर्षं झाली होती. पण फोनवर त्यांचा मुलगा नौशाद म्हणाला, अब्बांची एक रेकॉर्ड आहे ट्रंकेत, तिच्यात गाणं नाही, नुसती गिटार आहे. रणजीतला त्या रात्री झोप लागली नाही. ती रेकॉर्ड बाजारात आलीच नव्हती. त्याआधीच कंपनी बुडाली. नमुन्याची एक युनूसभाईंनी घरी आणली, तेवढीच जगात शिल्लक.

"माझ्या लग्नाआधीच गिटार विकून बसले होते," युनूसभाईंच्या बायकोनं, शहाजादीचाचींनी सांगितलं. त्या ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन कॉटवर बसल्या होत्या. "आणि रेकॉर्ड वाजवायचं मशीन काय आमच्या घरात कधी आलं नाही. जेवताना ताटाच्या काठावर बोटं सरकवायचे, तेवढं बघितलंय मी. एकदा ऐकलं की बास. मग मी सुटले."

"काय वापरलं पुसायला?" रणजीतनं विचारलं.

"तुमचाच व्हिडिओ बघून केलं की, भाऊ! आमच्या कंपनीत सर्किट पुसायला तेच स्पिरिट असतं, साहेबाला विचारून बाटली आणली. आज गुरुवार, सुट्टी. सकाळपासून दोन्ही बाजू घासल्या. जाम मळ होता राव, हे बघा." त्यानं फडकं दाखवलं. काळं ठिक्कर.

मळ कसला डोंबलाचा! लाख होती ती. त्या काळच्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश मारणारे ती विरघळवूनच तर मारतात. व्हिडिओत रणजीतनं पुसली होती ती नंतरच्या जमान्यातली, प्लास्टिकची. लाखेच्या रेकॉर्डीला चुकूनही स्पिरिट लावू नका, एवढं एक वाक्य त्यानं म्हटलं नव्हतं. हे काय कुणालाही ठाऊक असतं, असं वाटलं होतं त्याला. कुणाला ठाऊक असतं हो?

त्यानं रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. काठाला चार खाचा दिसत होत्या, गिटार सुरू व्हायच्या आधीच्या. त्याच्या आत सगळं गुळगुळीत, बाटलीच्या काचेसारखं. उलटी केली. तिकडंही तेच.

"लावा ना," चाची म्हणाल्या आणि कॉटवरून पुढं सरकल्या.

लावली. दुसरं काय करणार? सुई काठावर जरा खरखरली, मग सर्रकन घसरून मधल्या कागदापाशी जाऊन थांबली. रणजीतनं ती उचलून परत काठावर ठेवली. परत घसरली. चाची मान वाकडी करून ऐकतच होत्या.

"ह्यात हे कुठंयत?" त्यांनी विचारलं.

नौशादच्या हातात अजून ते फडकं होतं. चेहरा पार उतरला होता. "भाऊ, माझ्या हातनं काही झालं का?"

रणजीतनं त्याच्याकडं बघितलं. चाचींकडं बघवलं नाही.

"नाही हो. सुई गेलीय माझ्या मशीनची. झिजली की अशी घसरते."

"हुश्श!" नौशाद खुर्चीत बसला. "मला वाटलं, अब्बांची एवढी एक वस्तू आणि मीच वाट लावली."

"मग नवी बसवून आणा," चाची म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी या. शेवया करते. इतकी वर्षं थांबले, आठ दिवसांनी काय होतंय."

रणजीतनं मान डोलावली आणि मशीन आवरायला घेतलं. पेटीची कडी लागेना.

नौशाद आता खुशीत होता. त्यानं रेकॉर्ड उजेडात धरून निरखली. "भाऊ, काठाला थोडा मळ राहिलाय. तुम्ही येईपर्यंत अजून एक हात मारून ठेवू का?"

स्पिरिटचा वास पुन्हा खोलीभर झाला. बाटलीचं झाकण त्यानं उघडलंसुद्धा होतं.

"मारा," रणजीत म्हणाला.