आधी अर्थिंग
भांड्यांवर नावं कोरायचं लेझर मशीन भास्करच्या बुधवारा पेठेतल्या दुकानात आलं, तसा तो नारळ घेऊन उभा राहिला. लेकीनं, तृप्तीनं त्याचा हात धरला. "पप्पा, आधी अर्थिंग. सॉकेटात तिसरी तारच नाही. जरासा झटका बसला की लेझरचा डायोड खतम!"

कुरकुरतच भास्करनं परसात खड्डा खणला, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरली. तृप्तीनं त्या पट्टीची तार दुकानाच्या आणि मागच्या घराच्याही बोर्डाला जोडली.

पहिल्या गडव्यावर बायकोचं, कोकिळाचं नाव झकास उमटलं. तिला तो दाखवायला भास्कर स्वयंपाकघरात गेला, तर ती अनवाणीच फ्रीज उघडून उभी.

"मी बारा वर्षं सांगतेय, फ्रीज करंट मारतो. मशीनचं बरं एका दिवसात ऐकलंत!" ती हसली, आणि फ्रीजपुढच्या रबरी चपला उचलून दाराबाहेर ठेवून आली.