बंद झालेला तास

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीच्या वाट्याला रुग्ण म्हणून निवृत्त मेट्रनच आल्या. थोड्याच वेळात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. मेट्रन पूर्वी कॉलेजात सुई टोचण्याआधी रुग्णासाठी म्हणायची प्रार्थना शिकवायच्या, त्याचा वेगळा तासच घ्यायच्या. तो तास त्यांच्याच विद्यार्थिनीनं प्राचार्य झाल्यावर बंद केला, वॉर्डातही प्रार्थनेला मनाई केली. आज त्याच प्राचार्यबाई परीक्षक म्हणून मागे उभ्या होत्या. मुलगी सुई टोचणार तोच मेट्रननी तिचा हात धरला. “भीती वाटतेय गं. प्रार्थना म्हण.” मुलीनं चोरून मागे पाहिलं. म्हटली तर नापास. “मला येत नाही, आजी. तुम्ही सांगा, मी मागून म्हणते.” मेट्रनचे ओठ हलले, पण शब्द आठवेनात. मॉनिटरची टिकटिक वाढली. प्राचार्यबाई पुढे आल्या. बाई वाकल्या आणि हळूच प्रार्थना म्हणू लागल्या. मध्येच अडखळल्या. मेट्रननी दटावलं, “चुकलीस! पहिल्यापासून म्हण.”