राग काढायची खोली

रिसोडजवळच्या डाळमिलमध्ये एचआरच्या मॅडम दरवर्षी काहीतरी नवं आणत. आधी योगा झाला, मग केक कापून वाढदिवस झाले आणि यंदा निघाली राग काढायची खोली. आत भुसा भरलेला एक पुतळा आणि बांबूचा दंडुका. "सगळा राग इथंच काढा आणि शांत मनानं घरी जा," मॅडम सांगत.

लोडिंगवरचा प्रसेनजित रोज पुतळ्याला झोडपून काढायचा. सुपरवायझरशी होणारी त्याची भांडणं थांबली, म्हणून मॅडमनी त्या खोलीतच त्याचा सत्कार ठेवला. मिलमध्येच डाळ निवडणारी त्याची बायको पौर्णिमा सुजलेला हात पदराखाली झाकून मागं उभी होती. घरचा मार थांबला नव्हता. उलट सरावानं आता त्याचा एकही फटका वाया जात नव्हता.

"वहिनी, तुम्हीही या. मनातला राग काढा," म्हणत मॅडमनी हौसेनं दंडुका तिच्या हातात दिला.

"काढ ना, लाजून काहून राह्यली?" प्रसेनजित हसला.

पौर्णिमानं दंडुका उगारला आणि त्याच्या नडगीवर हाणला. तो किंचाळत खाली कोसळला, तसा दुसरा फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"अहो, पुतळ्याला मारा, पुतळ्याला!" मॅडम ओरडल्या.

 

पौर्णिमा धापा टाकत म्हणाली, "पुतळ्यानं माहं काय वाकडं केलं, मॅडम?"