जाळापुढची पाठमोरी माणसं

१६४७ च्या जुलैत, फळांवर कर बसला म्हणून आमचं नेपल्स उठलं. शहाणे लोक आता त्याला लुटारूंचा दंगा म्हणतात. आम्ही करवाल्यांच्या घरातलं सगळं चौकात आणून जाळलं, पण चमचाही घरी नेला नाही. नेईल त्याला फास, हा आमचाच नियम होता.

माझ्या धाकट्या जावेनं, कार्मोझिनानं, तो मोडला. भरदुपारी तिनं झग्याखालून हातभर आरसा काढला.

“अगं, तुझाच नवरा तिथं पहाऱ्यावर आहे ना?”

“म्हणून तर धीर झाला. बघा तरी, ताई. स्वतःचं तोंड कधी धड पाहिलंय का तुम्ही?”

मी आरसा हातात घेतला. त्यात आम्ही दोघी नव्हतो. चौकातला जाळ होता, आणि जाळाकडे तोंड करून उभी असलेली माणसं.

“हे तर आमचे हे,” ती पुटपुटली.

तेवढ्यात आरशातल्या चोम्मोनं, तिच्या नवऱ्यानं, मान वळवून थेट आमच्याकडे पाहिलं.

थोड्याच वेळात तो दारात उभा होता. “वहिनी, द्या इकडं,” एवढंच म्हणाला. आरसा त्यानं जाळात टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी स्पॅनिश शिपायांनी शहर परत घेतलं आणि चोम्मोला फासावर दिलं. कार्मोझिना दूर गाएता गावी राहायला गेली आणि मागच्या हिवाळ्यात वारली. ती गेल्याचा निरोप यायच्या आदल्या दिवशी माझ्या पाण्याच्या बादलीत तोच जाळ दिसला. पुढं दोन पाठमोऱ्या बायका होत्या. एक वळली, ती कार्मोझिना.

दुसरीच्या डोक्याला माझा रुमाल आहे. आज सकाळी बादलीत तिनं मान जराशी वळवली.