भिंतीमागचा क्वार्टरबॅक

"परत दाखव," वेंडेल ट्रास्क म्हणाला, आणि पडद्यावर केड हॉलिस्टरने पुन्हा एकदा निवांतपणे चेंडू फेकला.

इतका निवांत, की वेंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि त्याच्यावर चाल करून येणाऱ्यांना थोपवायला पुढे पाच जण असतात. अलाबामाच्या या कॉलेजातले पाच म्हणजे पाच रेडे होते. त्यांना ओलांडून केडपर्यंत कोणी पोचतच नव्हतं. झेलणारेही असे, की धोंडा फेकला तरी झेलतील. मग यात पोराचं स्वतःचं किती? हल्ला येण्याआधी तो त्याला दिसतो का, एवढंच वेंडेलला हवं होतं. पण हल्ला आलाच नाही, तर दिसणार काय, कपाळ?

वेंडेल ज्या व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरायचा, तो यंदा तळाला होता. तळाच्या संघाने सगळ्यांच्या आधी कॉलेजांतला खेळाडू निवडायचा, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने मुकाट जायचं, असा रिवाज. मालकांना संध्याकाळपर्यंत हो की नाही हवं होतं. संघाची पुढची फळी म्हणजे नुसती चाळण. तिच्यामागे उभ्या राहिलेल्या आधीच्या क्वार्टरबॅकचा खांदा दोनदा निखळला. तो आता बापाच्या दुकानात टायर विकतो. यंदा निवड चुकली, तर वेंडेललाही घरी बसावं लागणार होतं.

कॉलेजच्या कोचला विचारलं, तर म्हणाला, "असा पोरगा पुन्हा होणे नाही." हे तो दरवर्षी म्हणतो.

शेवटी वेंडेलने कॅन्टीनमध्ये ओबादाया टगलला गाठलं. पाच रेड्यांतला हा सगळ्यात थोराड.

"तीन वर्षं तू त्याच्या पुढ्यात उभा होतास. खरं सांग, कसा आहे?"

"काय सांगू, सर? माझी त्याच्याकडे कायम पाठ. लोक ओरडले की समजायचं, बरा फेकला असेल." आणि त्याने कोंबडीच्या तंगडीत पुन्हा दात रोवले.

वेंडेल हात हलवत बाहेर आला. त्याच्या गाडीला टेकून खुद्द केड उभा होता.

"सर, माझ्याबद्दल वाईट सांगा."

"काय?"

"हात कच्चा आहे म्हणा, डोकं फिरलेलं आहे म्हणा. काहीही म्हणा. तुमचे सगळे सामने बघितलेत मी. तुमचा डावीकडचा गडी उठायला उशीर करतो. मधला उजवा गुडघा जपून खेळतो. मी मान वर करायच्या आत अंगावर दोघं असतील. मी तिथे महिनाभर टिकणार नाही, सर."

डावीकडचा आळशी आहे हे जगजाहीर होतं. पण त्या गुडघ्याचं संघाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

"प्लीज, सर." पोराचे डोळे भरले होते.

वेंडेलने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "जा. घरी जा."

केडला वाटलं, काम झालं. तो डोळे पुसत, आभार मानत गेला.

वेंडेल गाडीत बसला. बराच वेळ त्याला फोन उचलवेना. मग त्याने मालकांना फोन लावला.

"येणारा हल्ला आधी दिसतो त्याला," तो म्हणाला. "घ्या."