गुणी प्रवासी

"गतिरोधक आलाय, सांभाळा," रिक्षावाल्या ढोबळेकाकांनी मागच्या सीटवर मफलरने बांधून ठेवलेल्या खिचडीला सांगितलं.

प्रवाशांशी फार बडबडतात, अशी आणखी एक तक्रार आली की ॲपवरून नाव कायमचं कट, असा कंपनीचा इशारा होता. नशिबाने त्याच आठवड्यात कंपनीने माणसांबरोबर जेवणही पोचवायला घेतलं. मघाशी खिचडी मागवणाऱ्या मावशींचा फोन आला, तेव्हा "आलोच!" म्हणून काकांनी मोबाइल खिशात टाकला होता.

"तर काय सांगत होतो, आमच्या वरातीत नवरदेव घोडीसकट हरवला! घोडी थेट आपल्या घरी गेली." खिचडीने चकार शब्द काढला नाही. इतका गुणी प्रवासी काकांना तीस वर्षांत भेटला नव्हता.

दार उघडलं, तर मावशींच्या कानाला मोबाइल. मघाचा फोन काकांनी बंदच केला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात रिक्षा विकून टाकली.

"मग नवरदेव सापडला का?" मावशींनी विचारलं.

"सापडला. पण घोडीवाल्याची मुलगी..."

"थांबा, असं दारात नको! उद्या परत खिचडी मागवते." दार लोटता लोटता त्या म्हणाल्या, "आणि जरा लांबच्या रस्त्याने या."