खटावकरांच्या हॉलमधला सिनेमा

केतकीला बघायला आलेल्या निषादला सोफ्यावर एकट्याला बसवलं, तेव्हाच त्याने पोहे खाणं थांबवलं.

"छंद वगैरे आम्ही विचारत नाही हो," केतकीचे बाबा, खटावकर, म्हणाले. "कॉम्प्युटरच दाखवेल." त्यांनी टीव्हीखालचा कॉम्प्युटर सुरू केला. सोफ्यावर बसलेल्याला मनातून जे बघायचं असेल, त्याचा तो तिथल्या तिथे सिनेमा करायचा. इतर घरांतल्या अशाच तपासणीत निषादची आधीची स्थळं गेली होती, आणि केतकी तर त्याला दारातच आवडली होती.

"आमचा निषाद पहाटे उठून धावतो," त्याच्या आईने घाईने सांगून टाकलं. "मग वाचन."

पडद्यावर एक पलंग आला. पलंगावर एक माणूस झोपला होता. पुढे काय होतं ते सगळे बघत राहिले. बऱ्याच वेळाने माणसाने कूस बदलली.

"हा धावण्याआधीचा भाग असेल," आई म्हणाली.

माणसाने पांघरूण डोक्यावर ओढलं. निषादने बशी खाली ठेवली आणि चपला कुठे काढल्या होत्या ते आठवू लागला.

तेवढ्यात केतकी चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे नीट पाहिलं, ट्रे ठेवला आणि सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली.

पडद्यावर दुसरा पलंग आला. त्यावर आधीपासूनच कुणीतरी घोरत होतं.

"अगं, पण आपण तुझ्या बायोडेटात गिर्यारोहण लिहिलंय," खटावकर म्हणाले.

"बाबा, हळू बोला," केतकी म्हणाली. "उठतील ना ते."